रात्री घाम येतो का?

यवतमाळ-वणी-पांढरकवडा या पट्ट्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांच्या बैठकीत बसलं की हल्ली एक वाद हटकून निघतो. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे पाळी मागेपुढे होऊ लागते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, सांधे धरतात. बायका म्हणतात, "गोळ्याईनं झालं हे." डॉक्टर म्हणतात, "वयानं होतं, गोळ्यांना दोष देऊ नका." मग मोबाइलवर कुणाचं तरी 'हार्मोन सुधारणारं' चूर्ण येतं, त्यावर समुपदेशक मंडळी चिडून 'अफवांना बळी पडू नका' असा संदेश फिरवतात आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी खूश राहतात. हा वाद पहिल्यापासूनच भलत्या वाटेला लागलाय. गोळी की वय, हे ठरवायचं तर त्याआधी त्या बाईला तिच्या पाळीविषयी कुणीतरी विचारलेलं असायला हवं, शेवटची तारीख कुठेतरी लिहिलेली असायला हवी. बहुतेक ठिकाणी तेच होत नाही. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, येणाऱ्या पस्तिशीपुढच्या प्रत्येक बाईची पाळी विचारणं, नोंदवणं आणि पाळी जातानाचा त्रास त्याच छपराखाली हाताळणं हा एचआयव्हीच्या उपचाराचाच भाग आहे, असं माझं म्हणणं आहे.

हा प्रश्न आत्ताच का उठला, हे साध्या बेरजेने कळतं. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. त्या वर्षी जी पंचविशीत होती, नवरा गमावून कडेवर लेकरू घेऊन माहेरी परतली होती, ती आज पंचेचाळिशी ओलांडून गेली आहे. भारतीय बाईची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेतल्या बाईपेक्षा चार-पाच वर्षं आधी. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे २५ लाख लोकांमध्ये बायकांचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त आहे. औषधं लागू पडली म्हणूनच त्यातली एक अख्खी पिढी या वयाला पोचली. एचआयव्हीच्या सरकारी कार्यक्रमाने त्यांना जगवलं, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. फक्त या बायका कधीतरी उतारवयाकडे झुकतील, त्यांची पाळी जाईल, हे मात्र आखणी करताना कुणी फारसं मनात धरलेलं दिसत नाही.

केंद्रात काय घडतं ते जवळून पाहा. दर भेटीत चार प्रश्न विचारायचा नियम आहे: खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का? क्षयरोग लवकर पकडण्यासाठी हे चार प्रश्न आहेत आणि ते अत्यंत शहाणपणाचे आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला आजही क्षयाइतका मोठा धोका दुसरा नाही. आता एका ग्रामीण रुग्णालयातल्या टेबलापुढे बसलेली शेतमजूर बाई घ्या, वय त्रेचाळीस. चौथ्या प्रश्नावर ती म्हणते, "येते ना मॅडम. अर्ध्या रात्री उठून लुगडं बदलावं लागते." लगेच थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे. सगळं नियमाप्रमाणे आणि बरोबर. आठवड्याने निकाल येतो: क्षय नाही. "चांगलं झालं ताई," म्हणत तीन महिन्यांच्या गोळ्या हातात दिल्या जातात. पाळी कधी आली होती, हे विचारलंच जात नाही. ती येऊन वर्ष उलटून गेलेलं असतं. विदर्भातला उन्हाळा ४५ अंशांचा, त्यामुळे वैशाखात तिला स्वतःलाही काही वेगळं वाटलं नव्हतं. पण पौषाच्या कडाक्यातही ती अंगावरची वाकळ फेकून उठून बसायला लागली, तेव्हा तिने आपल्या परीने छडा लावला. गोळी रात्री घेते, घाम रात्री येतो, म्हणजे गोळीनेच येतो. मग ज्या दिवशी दुसऱ्या सकाळी लवकर कापूस वेचायला जायचं असेल, त्या रात्री ती गोळी टाळू लागली. घामाचा प्रश्न तिला विचारला गेला होता, उत्तरही खरं मिळालं होतं. क्षय नाही म्हटल्यावर ते उत्तर कुणाच्याच कामाचं राहिलं नाही.

डॉक्टरांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा इथेच येतो आणि तो मान्य करायला हवा. गोळ्यांविषयी शंका पेरली की बायका गोळ्या सोडतात. गोळ्या सोडल्या की विषाणू उसळतो, औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग दुसऱ्या फळीची महागडी, किचकट औषधं लागतात. वीस वर्षं ज्यांनी गावोगाव फिरून गोळ्या चुकवणारी माणसं परत आणली, त्यांना 'गोळ्यांमुळे' हा शब्द ऐकताच धडकी भरते, ती उगाच नाही. पण मग स्टॅव्ह्युडिनचं काय झालं ते आठवा. मोफत उपचाराच्या पहिल्या वर्षांत हे औषध सर्रास दिलं जाई. त्याने गाल खपाटीला जात, हातापायांची चरबी झडून शिरा वर येत. गावातल्या माणसाला आजाराचं नाव सांगायची गरजच उरत नसे, चेहराच सगळं सांगे. बायका तक्रार करत होत्या आणि त्यांना 'जीव वाचतोय ना, मग चेहऱ्याचं काय घेऊन बसलात' असं ऐकवलं जात होतं. २००९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करा असं सांगितलं, पुढे भारतातही ते गेलं. म्हणजे बायका खरं बोलत होत्या. तक्रार दडपून भरवसा वाढला की कमी झाला? बाहेरच्या अभ्यासांतही उलटंच चित्र आहे. कॅनडात आणि इंग्लंडमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांत पाळी जातानाचा त्रास ज्यांना तीव्र होता, त्यांच्यात गोळ्या चुकण्याचं प्रमाण जास्त आढळलं. गोळ्या नियमित घ्याव्यात असं खरोखर वाटत असेल, तर ज्या त्रासामुळे त्या चुकतात तो विचारल्याशिवाय भागणार कसं?

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे: एचआयव्हीमुळे पाळी लवकर जाते, हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. हेही खरं. काही अभ्यासांत दोन-तीन वर्षांचा फरक दिसतो, काहींत दिसत नाही. गरिबी, कमी वजन, तंबाखू यांचा वाटा वेगळा काढणं अवघड असतं. आपल्याकडे तर या तिन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात. तंबाखूचा खर्रा फक्त पुरुष खातात असं ज्याला वाटतं, त्याने निंदणाला बसलेल्या बायकांची ओळ एकदा जवळून पाहावी. पण शास्त्र ठाम नाही म्हणून विचारायचंच नाही, हा कुठला न्याय? उलट कारण ठरलेलं नसतं तेव्हाच विचारपूस जास्त लागते. पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली, असं या बायकांत धरून चालताच येत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, वर्षभराहून जास्त काळ पाळी न आलेल्या एचआयव्हीग्रस्त बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींची बीजांडं अजून संपलेली नव्हती. मग पाळी का थांबली? वजन फार उतरलं असेल. गर्भाशयाचा क्षय असेल. थायरॉइड बिघडली असेल. आशाताईच्या सांगण्यावरून तीन महिन्यांतून एकदा 'अंतरा'चं गर्भनिरोधक इंजेक्शन घेत असेल, ज्याने पाळी थांबणं अगदी नेहमीचं आहे. किंवा त्रेचाळीसाव्या वर्षी दिवस गेले असतील आणि पाचव्या महिन्यापर्यंत तिला 'पाळी गेली' असंच वाटत राहील. प्रत्येकीचा उपाय निराळा. 'वयानं होतं' या एका उत्तरात हे सगळं झाकलं जातं, आणि 'गोळ्याईनं झालं' यातही तितकंच.

आपल्या विदर्भाने तर हा धडा जगाला शिकवलेला आहे. १९८९ साली राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची पाहणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. ९२ टक्के बायकांत स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका ८ टक्क्यांच्या आतच होत्या. त्या काळी सरकारी यंत्रणेला खेड्यातल्या बाईशी दोनच बाबतींत बोलायचं असे, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बायका बोलत नाहीत, लाजतात, तपासू देत नाहीत, असा शहाण्यांचा समज होता. त्या दोन गावांत नीट विचारलं तर बायका बोलल्या, तपासणीलाही आल्या. या कामाला आता पस्तीस वर्षं उलटली. तरी त्याच विदर्भात, दर तीन महिन्यांनी ज्या बाईचं वजन, वर्षाला व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण), एकेका उरलेल्या गोळीचा हिशेब लिहिला जातो, तिच्या पाळीची तारीख मात्र नोंदीत सापडत नाही. ती गर्भवती आहे का, एवढं मात्र नक्की लिहिलेलं असतं.

आणि हा योगायोग नाही. एचआयव्हीच्या कार्यक्रमात बाई बहुतेकदा गरोदरपणाच्या दारातून आत आली. दवाखान्यात नाव घालायला गेली, रक्त तपासलं, निदान झालं. पुढची सगळी धावपळ बाळाला लागण होऊ नये यासाठी. ती धावपळ गरजेचीच होती आणि तिने असंख्य लेकरं वाचवली. पण बाळंतपण आटोपलं की बाईच्या शरीराविषयीचं कुतूहलही आटोपतं. इतिहासात हे आधीही झालंय. अमेरिकेत १९९३ पर्यंत एड्सच्या अधिकृत व्याख्येत बसणारे आजार मुख्यतः पुरुषांवरच्या निरीक्षणातून आलेले होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरणारी एचआयव्हीग्रस्त बाई त्या यादीत बसत नसे, म्हणून तिला सरकारी मदतही नाकारली जाई. बायका रस्त्यावर उतरल्या, कोर्टात गेल्या, तेव्हा यादी बदलली. नेव्हिरापिन हे आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलेलं औषध घ्या: यकृताला इजा होण्याचा धोका बायकांमध्ये सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या) पेशी २५० च्या वर असतानाच वाढतो, पुरुषांमध्ये ४०० च्या वर. बाईचं शरीर म्हणजे पुरुषाच्या शरीराची लहान मापाची प्रत, हे गृहीतक या आजारात वारंवार तोंडघशी पडलंय.

मला स्वतःला सगळ्यात जास्त टोचणारा आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो एका आशाताईने घेतला होता. तिचं म्हणणं असं, की गावातल्या बाकी बायकांची पाळी जाते तेव्हा त्यांना कोण विचारतं? त्याही घामाने भिजतात, त्यांचीही हाडं ठणकतात, त्याही निंदायला जातात. मग याच बायकांचे लाड कशाला? यात राग आहे आणि थोडा न्यायही आहे. सोयी नसलेल्या मुलखात एकीला काही मिळालं की दुसरीला ते खुपणारच. तरीही मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, कारण इथे धोक्याची बेरीज निराळी आहे. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन उतरल्याने हाडं झपाट्याने विरळ होतात. त्यात आपल्याकडच्या पहिल्या फळीच्या गोळीतलं टेनोफोव्हिर सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांत हाडांची घनता आणखी थोडी कमी करतं. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका आधीच वाढलेला असतो, पाळी गेल्यावर तो आणखी चढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जोखीम या बायकांना इतरांच्या सहापट. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर 'जाताना असं होतंच' म्हणून सोडून देणं त्यांच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं. शिवाय ज्या बाईला आपण तीन-तीन महिन्यांनी समोर बसवतोच, जिची फाइल वीस वर्षांची आहे, तिथून सुरुवात केली तर बाकीच्या बायकांचं काय नुकसान होतं? एका ठिकाणी विचारायची सवय लागली की ती पुढच्या टेबलावर जायला वेळ लागत नाही.

विचारायला कुणी नसलं की काय होतं, ते शेजारच्या मराठवाड्यात दिसलंच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, पाळी अनियमित आहे, या तक्रारींना सरकारी दवाखान्यात कान मिळाला नाही, तो खासगी दवाखान्यात मिळाला आणि उत्तर आलं 'पिशवी काढून टाका'. विदर्भातही ही वाट बायकांना चांगली ठाऊक आहे. पिशवीसोबत बीजांडकोशही काढले असतील तर पस्तिशीतली बाई एका रात्रीत पाळी गेलेल्या अवस्थेत ढकलली जाते. ते ठेवले असतील तर पाळी नाही, पण हार्मोन चालू, आणि पुढे ते कधी थांबले हे कळायला पाळीची खूणही उरत नाही. म्हणून 'पाळी येते का' एवढाच प्रश्न पुरत नाही. 'ऑपरेशन झालंय का, त्यात काय काय काढलं' हेही विचारावं लागतं.

आता हार्मोनच्या उपचारांची, म्हणजे पाळी गेल्यावर कमी पडणारी हार्मोन बाहेरून देण्याची भीती. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीतला हार्मोनचा गट मध्येच थांबवला गेला, स्तनाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो अशा बातम्या जगभर झळकल्या, आणि डॉक्टरांनी हार्मोनला हात लावणंच सोडलं. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मागे पडलं. पुढे वयानुसार आकडे पुन्हा तपासले तेव्हा स्पष्ट झालं, की पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, साठीच्या आत, त्रास खूप असलेल्या आणि इतर मनाई नसलेल्या बाईला बहुधा तोट्यापेक्षा फायदा जास्त होतो. मनाई म्हणजे स्तनाचा कर्करोग झालेला असणं, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, यकृताचा गंभीर आजार. पाळी फार लवकर, चाळिशीच्या आत कायमची गेली असेल, तर हार्मोन देणं निव्वळ आरामासाठी नसतं, हाडं आणि हृदय जपण्यासाठीही असतं. एचआयव्हीच्या गोळ्यांशी ते जुळतात का? पूर्वीच्या गोळीतलं एफाव्हिरेन्झ इस्ट्रोजेनची पातळी खाली आणायचं. आताच्या डोल्युटेग्राव्हिरची तशी अडचण नाही. दुसऱ्या फळीत रिटोनाव्हिर असेल, क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल, तर पुन्हा हिशेब करावा लागतो. हे सगळं चूर्णवाल्याला ठाऊक असण्याची शक्यता नाही. हजारो रुपयांचं तपासण्यांचं 'हार्मोन पॅकेज' विकणाऱ्या प्रयोगशाळेलाही त्याच्याशी देणंघेणं नाही. पाळी जायच्या बेतात असताना हार्मोनची पातळी आज एक आणि महिन्याने दुसरीच येते, त्यामुळे एका रिपोर्टवरून फारसं काही ठरत नाही. पंचेचाळिशीपुढच्या बाईत तर बहुतेकदा तारखा आणि लक्षणंच पुरेशी असतात. विचारायला पैसे लागत नाहीत.

एकाच छपराखाली का, याचं एक अगदी घरगुती कारण आहे. बाईची हाडं दुखतात, ती गावच्या आरोग्य केंद्रात जाते, तिथे एआरटीचं नाव काढत नाही. काढलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल ही धास्ती. डॉक्टर कॅल्शियम देतात, लोहाच्या गोळ्या देतात. ती त्या रिकाम्या पोटी एआरटीच्या गोळीबरोबरच गिळते, आणि कॅल्शियम-लोह डोल्युटेग्राव्हिरला शरीरात नीट शोषू देत नाहीत. दोन्ही जेवणासोबत घेतल्या तर चालतं, नाहीतर एआरटीची गोळी २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायला हवी. हे तिला कोण सांगणार? एका टेबलावरच्या माणसाला कॅल्शियम माहीत असतं, दुसऱ्यावरच्याला डोल्युटेग्राव्हिर. कोरडेपणामुळे संबंधांच्या वेळी दुखतं, ही तक्रार तर ती कुठेच करत नाही. विधवा असेल तर तिला असं काही असेल हेच कुणाच्या मनात येत नाही, पुन्हा लग्न केलेलं असेल तर ते बोलायची चोरी. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम साधं असतं, रक्तात फार थोडं जातं. ते मागायचं कुणाकडे?

वेळ नाही, माणसं नाहीत, एका वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे सकाळपासून रांग असते, हे मी रोज पाहते आणि नाकारत नाही. पण गोळ्या तीन महिन्यांच्या मिळू लागल्यापासून त्याच माणसाच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यातून सुटलेला थोडा वेळ इथे लावता येईल. चार प्रश्न विचारणारी नर्स किंवा समुपदेशक बाईच असते बहुधा. ती पाचवा प्रश्न विचारेल, सहावा विचारेल. अडचण पुढच्या पायरीवर आहे. 'स्त्रीरोग विभागात दाखवा' असं लिहून दिलं, की बाईला त्या गर्दीत एआरटीची हिरवी पुस्तिका बाहेर काढावी लागते, कुणीतरी केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईने काहीबाही लिहितं, तपासणी टळते किंवा लांबून उरकली जाते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारात भेदभाव करायला आणि संमतीशिवाय आजार उघड करायला तो मनाई करतो. कायद्याचा आधार घेऊन भांडणाऱ्या बायका आहेत, पण त्रेचाळीसाव्या वर्षी घामाने बेजार झालेल्या मजूर बाईने आधी भांडावं आणि मग मलम मिळवावं, अशी अपेक्षा कशी करायची? वैद्यकीय महाविद्यालयात दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. महिन्यातली एक दुपार स्त्रीरोगतज्ज्ञाने एआरटी केंद्रात बसावं. तालुक्याच्या लिंक केंद्रातून, म्हणजे एआरटी केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून, त्याच दुपारी फोनवर विचारता यावं. नोंदवहीत हाताने एक रकाना आखायला दिल्लीचं परिपत्रक लागत नाही. इस्ट्रोजेनचं मलम आणि गोळ्या यांची स्थानिक खरेदी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून करता येण्याजोगी आहे. त्या समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर कोण घालणार, हे आता पालकमंत्र्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारायला हवं.